तीन चुली

पळसखेड्यात शालिग्रामभाऊंचं घर एका चुलीसाठी ओळखलं जायचं. तिघे भाऊ, तिघांच्या बायका, पोरंबाळं, वर वर्षभराचे सालदार, अशी वीसेक माणसं रोज एकाच चुलीवरचं जेवत. जामनेरच्या बाजारात नाहीतर कुणाच्या लग्नात जुनी माणसं भेटली की विचारत, "अजून एकत्रच का, भाऊ?" मग शालिग्रामभाऊ डोक्यावरची टोपी नीट करत आणि सांगत की वडलांनी जसं ठेवलं होतं तसंच आहे. आजूबाजूच्या दहा गावांत वाटण्या झाल्या होत्या, भावाभावांत कोर्टकचेऱ्या झाल्या होत्या. त्यांच्या घरात तसं काही झालं नव्हतं, याचा त्यांना फार अभिमान होता.

ती चूल मात्र सांभाळत होत्या इंदिराबाई, त्यांच्या पत्नी. लग्न होऊन त्या आल्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. सासू लवकर गेल्या, आणि कोठीच्या किल्ल्या इंदिराबाईंच्या कमरेला आल्या त्या कायमच्याच. आता त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. मधला दीर तोताराम, त्याची बायको लताबाई. धाकटा जीवराम, त्याची बायको भागाबाई, तिकडं धुळ्याकडच्या सोनगीरची. दोघी जावा हाताखाली होत्याच. एकीनं भाकरी थापायच्या, दुसरीनं भाजी चिरायची. पण मीठमसाला इंदिराबाईंच्या हातचा. कुणी किती दूध घ्यायचं, कुणाच्या पोराला कधी कपडे, कुणी माहेरी केव्हा जायचं, हे सगळं आधी इंदिराबाईंना, म्हणजे घरातल्या अक्कांना विचारायचं. अक्का सहसा नाही म्हणत नसत. पण विचारावं लागे. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांनीही सासूला असंच विचारलं होतं.

जळगावला मेहरूणला त्यांची धाकटी बहीण मंदाबाई राहायची. जामनेरहून एस.टी.नं दीड-दोन तासांची वाट. पण इंदिराबाई तिच्याकडं जायच्या त्या सकाळी, आणि दिवस मावळायच्या आत परत. मुक्काम केला तर इकडं कोण बघणार? मंदाबाई म्हणायची, घर तुझं आहे की तू घराची? इंदिराबाई हसून सोडून द्यायच्या.

एक्क्याण्णव साली पावसाळ्याच्या तोंडाशी रेडिओवर रोज कर्जाच्या बातम्या लागू लागल्या. हे कर्ज कुण्या माणसाचं नव्हतं, देशाचं होतं. परदेशातून माल आणायला सरकारजवळ पैसा उरला नाही, देशाचं सोनं विमानातून बाहेर नेऊन गहाण टाकलं, रुपयाची किंमत उतरवली, असं शालिग्रामभाऊ पेपरातून वाचून दाखवत. ओसरीवर बसलेली माणसं ऐकत आणि माना हलवत. सोनं गहाण टाकणं म्हणजे काय हे सगळ्यांना कळत होतं. पण ते दिल्लीचं, आपल्या गावापर्यंत ते कसं येणार, असं वाटत होतं.

ते आलं खताच्या गोणीतून. जुलैच्या शेवटी सरकारनं नवं अंदाजपत्रक मांडलं आणि खताची सवलत कापली. एका दिवसात युरियाचा भाव कुठल्या कुठं गेला. मृगबागेची केळी नुकतीच लावलेली होती. केळीला खत वेळेवर पडलं नाही तर घड भरत नाही. पुढं वर्षभर कितीही पाणी द्या, ते नुकसान भरून येत नाही. जामनेरला मोर्चा निघाला. शालिग्रामभाऊ वीस वर्षं सत्ताधारी पक्षाचं काम करत होते, निवडणुकीत गावातल्या मतदारयाद्या आणि बूथ तेच सांभाळत. तेच मोर्चात पुढं चालले, तेही दुसऱ्यांच्या झेंड्याखाली. तालुक्याच्या पुढाऱ्यांनी त्यांना बोलावून समजावलं, की देश अडचणीत आहे, सगळ्यांनाच थोडं सोसावं लागेल. त्यावर भाऊ म्हणाले की सोसायला ना नाही, पण पोटाला चिमटा घ्यायचा म्हटलं की आधी आमचंच पोट कसं सापडतं? त्यानंतर त्यांनी पक्षाच्या बैठकीला जाणं सोडलं, ते सोडलंच.

मोर्चे सगळीकडंच निघाले असणार, कारण थोड्याच दिवसांत सरकार जरा नरमलं. भाव थोडा खाली आणला, आणि जाहीर केलं की लहान शेतकऱ्याला जुन्याच भावानं खत मिळेल. लहान म्हणजे पाच एकरांच्या आतला. त्या एका बातमीनं गाव दुभंगलं. पहिल्या मोर्चाला सगळं गाव गेलं होतं. दुसरा काढायचा ठरला तेव्हा पाच एकरांच्या आतली माणसं घरीच राहिली. त्यांना वाईट म्हणता येत नव्हतं, त्यांचं काम झालं होतं.

तिघा भावांची मिळून चौदा एकर जमीन होती आणि ती सगळी शालिग्रामभाऊंच्या नावावर. कागदावर ते मोठे शेतकरी. शेजारच्या अभिमननं मात्र आठ दिवसांत आपली जमीन दोन पोरांच्या नावावर वाटून टाकली आणि दाखला घेऊन जुन्या भावाचं खत आणलं. बैलगाडीतून गोण्या उतरवताना तो तोतारामला म्हणाला, तुमी तं तिघं आहे, तुमाले तं आयतंच आहे.

तोतारामनं ते भावापुढं काढायला दोन दिवस घेतले. जेवताना तिघे भाऊ एका ओळीत बसत. वाढणं झालं तसं तो खाली मान घालून म्हणाला, की कागदावरच वाटणी दाखवायची. प्रत्येकाला पाच एकरांच्या आत येते. घरात काही बदलायचं नाही. शालिग्रामभाऊंनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून गेले. पुढं कितीतरी दिवस दोघा भावांत कामापुरतंच बोलणं होतं. जीवराम मधे पडला नाही. तो अलीकडं कशातच मधे पडत नसे. सांगितलं तेवढं काम करायचं आणि गप्प बसायचं, असा त्याचा स्वभाव होत चालला होता.

शेवटी केळीनंच भाऊंना नमवलं. पानं पिवळट पडायला लागली. बांधावर उभं राहून त्यांनी बराच वेळ बाग पाहिली आणि घरी येऊन इंदिराबाईंना म्हणाले, "कागदावर करू. पन चूल मोडनार नही."

तलाठी ओळखीचा होता, पण चतुर होता. तो म्हणाला, नुसत्या वाटणीपत्रानं भागायचं नाही. असे अर्ज रोज येऊन पडताहेत, वरून विचारणा झाली आहे. रेशनकार्डं वेगळी पाहिजेत, आणि वेगळं कार्ड पाहिजे तर चूल वेगळी पाहिजे. तालुक्याहून साहेब घरी येऊन बघतील. भाऊंनी त्याला विचारलं की चूल बघून सरकारला काय कळणार? तलाठी म्हणाला, "भाऊ, माणसं वेगळी झाली की नाही हे सरकारला कळत नाही. चूल कळते."

तेव्हा घरात आणखी दोन चुली घालायचं ठरलं. चूल घालायचा हात इंदिराबाईंचा चांगला होता. शेजारपाजारच्या बायका त्यांनाच बोलवत. त्यांनी नाल्यावरची चिकट माती आणली, तीत शेण आणि गव्हाचा भुसा कालवला, दोन दिवस मुरू दिली. पहिली चूल लताबाईसाठी पडवीत घातली. लताबाई जवळ बसून पाहत होती. चूल झाल्यावर तिनं तिच्यावरून दोनदा हात फिरवला.

दुसरी मागच्या खोलीत, भागाबाईसाठी. इंदिराबाई माती लिंपत असताना भागाबाई हळूच म्हणाली, "अक्का, जराशी खाली करशात का? मन्हा हात पुरत नही."

तिची सोनगीरची बोली इतक्या वर्षांत गेली नव्हती. इंदिराबाईंनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. भागाबाई बुटकी होती, हे काही त्यांना आजच दिसलं नव्हतं. पण मोठ्या चुलीवरची मोठी पातेली उतरवताना ती टाचा उचलून उभी राहते, आणि कढीचं पातेलं तिच्या हातून एकदा सांडलं होतं त्याबद्दल आपण तिला सगळ्यांदेखत बोललो होतो, हे त्यांना आत्ता आठवलं. इतकी वर्षं ही बाई दुसऱ्याच्या उंचीच्या चुलीवर काम करत होती. त्यांनी वरचा थर काढला आणि चूल चार बोटं खाली घेतली.

"आता बस बरं अठी," त्या म्हणाल्या. "हात लावून पाह."

भागाबाई बसली. हात पुरला. ती हसली, आणि लगेच पदरानं तोंड झाकून घेतलं, जणू हसणं बरं दिसत नाही.

साहेब आले ते सकाळी, दहाच्या सुमारास. चुली थंड दिसू नयेत म्हणून तिन्हीकडं स्वयंपाक लावलेला होता. भाऊ दाराशीच उभे होते, त्यांचा चेहरा उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःच्या घराबद्दल खोटं सांगणार होते. साहेबांनी तिन्ही चुली पाहिल्या, राख पाहिली, भांडी पाहिली. भागाबाईच्या खोलीत ते जरा थांबले आणि विचारलं की आज काय केलंय. तिनं सांगितलं, मेथीची डाळभाजी आणि ठेचा. साहेबांनी पडवीत लताबाईला विचारलं, तिच्याकडं गंगाफळाची, लाल भोपळ्याची भाजी होती. इंदिराबाईंकडं साधं वरण. तिघींनी एकमेकींना न विचारता तीन वेगवेगळे पदार्थ केले होते. साहेब तलाठ्याला म्हणाले, हे खरंच वेगळे दिसतात, आणि कागदावर सही करून गेले.

दाखले मिळाले, खत आलं, केळी सावरली. घराला हायसं वाटलं. पण जाताना साहेब म्हणाले होते की पुन्हा केव्हाही फेरी होईल. म्हणून भाऊंनी ठरवलं की काही दिवस चुली पेटत्या ठेवू. दाखल्याचं काम सरलं की बंद.

पहिल्या दिवशी संध्याकाळी इंदिराबाईंच्या हाताला अंदाजच राहिला नाही. घरात त्यांची दोघं, कॉलेजला जाणारा मुलगा, लग्नाची मुलगी आणि एक सालदार. त्यांनी सवयीनं परातभर पीठ मळलं आणि दोन दिवस कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, शिळ्या भाकरी खाव्या लागल्या. कमरेच्या किल्ल्या तशाच होत्या, पण कोठीतलं धान्य, डाळी, तेल तिघींत वाटून गेलं होतं. कुणी काही मागायला येत नव्हतं. दुपारी त्या चुलीपुढं नुसत्या बसून राहिल्या आणि त्यांना रडू आलं. आपण कुणाच्याच कामाच्या उरलो नाही असं वाटलं. लेकीनं विचारलं तर धूर गेला म्हणाल्या.

तसे आठ-दहा दिवस गेले. मग त्यांच्या ध्यानात आलं की गुडघे दुखत नाहीत. सकाळचं काम आटोपून ऊन वर यायच्या आत त्या मोकळ्या होत होत्या. त्या शेतात जाऊ लागल्या, आणि शेतात गेल्यावर निवांत बसू लागल्या. आणखी एक गोष्ट झाली. लताबाई, जी कित्येक वर्षं हो-नाहीच्या पलीकडं बोलत नसे, ती एक दिवस वाटीत भाजी घेऊन आली. वांग्याची होती. खाऊन पाहा म्हणाली, माह्या आईच्या हातची अशीच असते. एकाच घरात राहूनही तिनं तिच्या आईच्या पद्धतीची भाजी इतक्या वर्षांत केली नव्हती, कारण मोठ्या चुलीवर मीठमसाला इंदिराबाईंच्याच हातचा असायचा. इंदिराबाईंनी ती चाटूनपुसून खाल्ली आणि वाटी रिकामी कशी द्यायची म्हणून कढी घालून परत दिली.

तोतारामनं एक म्हैस घेतली आणि दूध जामनेरला घालायला लागला. एकत्र असताना त्यानं ती गोष्ट दोनदा काढली होती, दोन्हीदा भाऊंनी नको म्हटलं होतं. जीवराम सगळ्यांत जास्त बदलला. त्याच्या वाट्याला विहिरीजवळचा तुकडा आला होता. तिथं त्यानं मिरची लावली, पहाटेच उठून जायचा, आणि कधी कधी तिथून शीळ ऐकू यायची. इंदिराबाईंनी या धाकट्या दिराला लहानाचा मोठा केला होता, पण तो शीळ घालतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

हिवाळ्यात, बोरं पिकली तशी त्या मेहरूणला गेल्या आणि चांगल्या आठवडाभर राहिल्या. मंदाबाईबरोबर रोज तळ्याकाठी फिरल्या. तिथं एका दुपारी मंदाबाईनं विचारलं, घरी कसं काय? इंदिराबाईंनी सांगितलं की वाटणीचं नाटक केलंय. आणि मग त्या म्हणाल्या, "मंदे, मले हे नाटक सरू नये असं वाटतं." मंदाबाईनं विचारलं, हे भाऊजींना सांगितलंस का? इंदिराबाई म्हणाल्या, कुठल्या तोंडानं सांगू?

कारण शालिग्रामभाऊ मनातून झुरत होते. त्यांचं जेवण ओसरीवर एकट्याचं व्हायचं. पूर्वी जेवताना ओळीत भाऊ असायचे, शेताच्या गोष्टी व्हायच्या. आता ते भराभर जेवून उठत. गावात कुणी चुलीबद्दल विचारलं तर ते खालच्या आवाजात सांगत, कागदासाठी केलंय, तात्पुरतं आहे. वडलांच्या तसबिरीकडं पाहणं त्यांनी टाळलेलं इंदिराबाईंच्या लक्षात आलं होतं.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास नवी बातमी आली. सरकारनं खतांच्या धोरणाला पुन्हा हात घातला. युरिया जरा स्वस्त केला, बाकीची खतं मोकळी सोडली, त्यांचे भाव आकाशाला गेले. आणि लहान शेतकऱ्याचा वेगळा भाव गेला. आता लहान-मोठे सगळे एकाच रांगेत. गावात पुन्हा संताप झाला. पण शालिग्रामभाऊंच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा उजेड दिसला. त्यांनी दोघा भावांना बोलावलं आणि सांगितलं की आता दाखल्याचं काम उरलं नाही. सर्वपित्री अमावास्येला वडलांच्या नावानं पान वाढू, आणि त्याच दिवशी दोन्ही चुली मोडून पुन्हा एक करू. तोताराम म्हणाला, तुमी म्हनाल तसं, भाऊ. जीवरामनं मान हलवली.

आतल्या बाजूला तिघी जावा उभ्या होत्या. लताबाई वळून पडवीत गेली. भागाबाई तिथंच उभी राहिली, आणि तिनं इंदिराबाईंकडं पाहिलं. त्या नजरेत मागणं नव्हतं, तक्रारही नव्हती. इंदिराबाईंना ती नजर फार दिवस सोडेना.

घरातलं वातावरणच फिरलं. शीळ बंद झाली. तोतारामनं म्हशीला गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली. लताबाईच्या वाट्या यायच्या थांबल्या. कुणी भांडलं नाही, कुणी तोंड वेंगाडलं नाही. सगळे भाऊंचा मान राखत होते, आणि घर पुन्हा गप्प होत चाललं होतं. इंदिराबाईंना कळत होतं की धाकटे बोलणार नाहीत. त्यांना बोलण्याचा हक्कच नाही असं ते समजून होते. बोलायचं तर ज्या बाईला तिचं राज्य परत मिळणार होतं, तिनंच बोलायला पाहिजे होतं.

पितृपक्ष लागला. अमावास्या चार-पाच दिवसांवर असताना त्या शेतात भाकर घेऊन गेल्या. कपाशीत निंदणी चालली होती. भाऊ लिंबाखाली बसले होते. त्यांचं खाऊन होईस्तोवर त्या थांबल्या, पाणी दिलं, आणि मग म्हणाल्या, "मले तुमाले एक सांगायचं आहे. रागवू नका."

भाऊ म्हणाले, बोल.

"चूल एक नका करू."

भाऊंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी विचारलं, कोण म्हणतं असं? लता म्हणते का? इंदिराबाईंनी सांगितलं की कुणी म्हणत नाही, कुणी म्हणणारही नाही.

"मी म्हनते. मी थकली. इतकी वर्सं मले कळलंच नही का मी थकेल आहे. चूल लहान झाली तवा कळलं."

भाऊंनी मातीत काडीनं दोन-चार रेघा ओढल्या. मग म्हणाले की लोक काय म्हणतील, शालिग्रामनं बापाचं घर मोडलं म्हणतील. आणि तेही खोटे कागद करून मोडलं म्हणतील. इंदिराबाई म्हणाल्या, कागदावर वाटणी आहे, सात-बारावर वाटणी आहे, रेशनकार्डं तीन आहेत. वर्षभर तिघं तीन ठिकाणी जेवतात आणि तरी घरात एक भांडण झालं नाही. आधी महिन्याला एक होत होतं, ते तुमच्या कानावर मी येऊ देत नव्हते एवढंच.

हे भाऊंना ठाऊक नव्हतं. त्यांना ते लागलंही. ते उठले आणि बैल सोडायला गेले. इंदिराबाई रिकामं फडकं घेऊन घरी आल्या. आपण नको ते बोललो की काय, या विचारानं त्यांचा जीव दिवसभर थाऱ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ जीवरामच्या तुकड्यावर गेले. मिरचीच्या सऱ्यांत उभं राहून त्यांनी धाकट्या भावाला सरळ विचारलं की चूल एक करावी असं तुला मनापासून वाटतं का? जीवराम म्हणाला, तुम्ही ठरवलं ते ठरलं. भाऊ म्हणाले, मी ठरवलं ते मला माहीत आहे, तुझं काय ते सांग.

जीवरामनं हातातलं खुरपं खाली ठेवलं. आणि मग त्यानं जे सांगितलं ते घरात त्यानं बायकोशिवाय कुणाजवळ काढलं नव्हतं. वाटणी व्हायच्या आधी, त्याच उन्हाळ्यात, त्यानं घर सोडायचं ठरवलं होतं. भागाबाईचा भाऊ झुलाल सोनगीरला होता. हायवेवर त्याचं टायरचं दुकान होतं, तिथं भागीदार म्हणून जायचं, असं झुलालशी त्याचं बोलणं झालं होतं. जमिनीत वाटा मागायचा नव्हता. फक्त जायचं होतं.

"काहून?" भाऊंनी विचारलं.

"काही तरास नव्हता, भाऊ. पन मले घरात कोनी कधी इचारलंच नही. काय लावू, काय इकू, केव्हा जेवू. चाळिशीला आलो. मंग वाटनी झाली, कागदावर का व्हयेना. मी थांबून गेलो."

"नाहीतर गेला असता?"

"गेलो असतो."

भाऊ सरीतच खाली बसले. जीवराम घाबरला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. पण भाऊंना काही झालं नव्हतं. ते पाणी प्यायले, तोंडावरून ओला हात फिरवला आणि धाकट्या भावाकडं पाहत राहिले. ज्या खोट्या वाटणीची त्यांना वर्षभर लाज वाटत होती, तिनंच हा भाऊ घरात ठेवला होता. ती केली नसती तर चूल एक राहिली असती आणि जीवराम धुळ्याच्या हायवेवर टायर विकत बसला असता, आणि आपण लग्नांमधून एक चूल म्हणून मिरवत फिरलो असतो. त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं की ते हसायलाच लागले. जीवरामला काही समजेना, पण भाऊ हसतात म्हटल्यावर तोही हसला.

घरी येऊन त्यांनी इंदिराबाईंना एवढंच सांगितलं, "तू म्हनली तेच खरं."

अमावास्येला भल्या सकाळी वडलांच्या नावानं पान वाढलं. खीर इंदिराबाईंच्या चुलीवर झाली, वडे लताबाईकडं, कढी आणि भाज्या भागाबाईकडं. भाऊंनी विस्तवावर घास टाकला, तसबिरीपुढं हात जोडले, आणि या वेळी बराच वेळ वडलांकडं बघत राहिले. मग सगळ्यांना पंगतीला बसवलं. त्या दिवशी सगळे एकत्र जेवणार होतेच. घास उचलायच्या आधी ते म्हणाले की चुली आहेत तशाच राहतील. सणावाराला पान एकत्र वाढायचं, ते आळीपाळीनं तिघींच्या घरी. अडीनडीला, दुखण्याखुपण्याला सगळे एक. बाकी ज्यानं त्यानं आपलं पाहावं. आणि कुणी बाहेर विचारलं तर सांगावं, वाटणी झाली आहे आणि बरं चाललं आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग तोतारामनं असा श्वास सोडला की शेजारी बसलेल्या पोराच्या पत्रावळीचं पान उडालं, आणि पोरं हसली. लताबाई वाढता वाढता थांबली आणि पदर डोळ्यांना लावला. तोताराम म्हणाला की आता म्हैस विकत नाही, उलट आणखी एक घ्यायचा विचार आहे, भाऊंचं काय मत? भाऊ म्हणाले, मत आहे, पण म्हैस तुझी आहे.

भागाबाई कढी वाढत आली. इंदिराबाईंच्या पुढ्यात आली तशी ती खाली वाकली आणि त्यांच्या पाया पडली, हातात कढीचं भांडं तसंच धरून. इंदिराबाईंनी तिचा दंड धरून तिला उठवलं आणि म्हणाल्या, आधी भांडं ठेव, सांडशील. मग दोघीही हसल्या.

जेवणं झाल्यावर बायकांनी भांडी आटोपली. पोरं नदीकडं पळाली. इंदिराबाई मधल्या घरात वाकळ टाकून आडव्या झाल्या. बाहेर ओसरीवर तिघे भाऊ बसले होते. कांदेबागेची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडी लावायच्या केळीची, लागण जवळ आली होती आणि विहीर एकच होती. पाण्याच्या पाळ्या लावायच्या होत्या. भाऊ विचारत होते, कुणाला कोणता दिवस सोयीचा पडेल. जीवरामनं सोमवार मागितला. तोताराम म्हणाला की सोमवारी त्याला दुधाच्या हिशेबाला जामनेरला जावं लागतं, त्याला सोमवार नकोच. मग आठवड्याच्या वारांची फोड सुरू झाली. आवाज चढत नव्हते. मधेच कुणीतरी तंबाखू मळून पुढं केली, कुणी पान मागितलं. इंदिराबाईंनी बुधवारपर्यंतचं ऐकलं, आणि त्यांचा डोळा लागला.